गृहकर्ज दुसरीकडे नेण्याआधी आपल्याच बँकेचा दर विचारा

मा. संपादक,
सप्रेम नमस्कार.

कोणत्या बँकेचा गृहकर्जाचा दर किती, याची कोष्टके वर्तमानपत्रांच्या अर्थविषयक पानांवर नियमाने येतात. २०२५ या एका वर्षात रिझर्व्ह बँकेने रेपो दर, म्हणजे ती बँकांना ज्या दराने उधार देते तो, ६.५० टक्क्यांवरून ५.२५ टक्क्यांवर आणला. तेव्हापासून ही कोष्टके वाचून कर्ज दुसऱ्या बँकेत न्यायला निघालेल्यांची संख्या वाढली आहे, हे आमच्या रोजच्या कामात दिसते. कोष्टकातला दर खरा असतो. पण तो मिळवायला येणारा खर्च कोष्टकात नसतो, आणि त्याहून महत्त्वाची एक गोष्ट तिथे कधीच नसते: आपली सध्याची बँक मागितल्यावर किती दर देईल. ही तुलना न करता कर्ज हलवणारे बरेच जण थोड्या बचतीसाठी मोठा खर्च करून बसतात. म्हणून हे सविस्तर पत्र.

आधी आकड्यांकडे पाहू. समजा मुद्दल ४० लाख रुपये शिल्लक आहे, १५ वर्षे बाकी आहेत आणि दर ८.५० टक्के आहे. हप्ता साधारण ३९,३९० रुपये. दुसरी बँक ८ टक्क्यांनी द्यायला तयार आहे; तिथे १५ वर्षांसाठीच हप्ता ३८,२२६ रुपये होतो. म्हणजे महिन्याला १,१६४ रुपये वाचतात, आणि पूर्ण मुदतीत सुमारे २ लाख १० हजार. कर्ज हलवून देणारा एजंट हाच मोठा आकडा सांगतो.

आता खर्च. प्रक्रिया शुल्क पाव टक्का धरले तर १०,००० रुपये आणि त्यावर १८ टक्के जीएसटी, म्हणजे ११,८०० रुपये. महाराष्ट्रात हक्कपत्रे ठेवून केलेल्या गहाणावर कर्जाच्या ०.३ टक्के मुद्रांक शुल्क लागते, ते १२,०००. वकिलाकडून कागदपत्रांची तपासणी, घराचे मूल्यांकन, गहाणाची सूचना दाखल करण्याचे शुल्क आणि मुद्रांकित कागद मिळून ९,२०० धरले, तर एकूण ३३,००० रुपये होतात. महिन्याला १,१६४ रुपयांच्या बचतीने हा खर्च भरून निघायला सव्वादोन वर्षांहून थोडा अधिक काळ जातो. १५ वर्षे बाकी असताना हे वाईट नाही, असे कोणालाही वाटेल.

पण आपल्याच बँकेत अर्ज केला आणि तिने ५,००० रुपये अधिक जीएसटी, म्हणजे ५,९०० रुपये रूपांतर शुल्क (दर बदलून देण्याचे शुल्क) घेऊन दर ८.१५ टक्के केला, तर? हप्ता ३८,५७३ वर येतो. बचत महिन्याला सुमारे ८१६ रुपये. खर्च सात-आठ महिन्यांत वसूल. नव्या बँकेच्या ८ टक्क्यांशी आता फरक उरला महिन्याला फक्त ३४७ रुपयांचा. त्या ३४७ रुपयांसाठी २७,१०० रुपये जादा घालवायचे. ते परत यायला साडेसहा वर्षे लागतात, आणि या काळात घर विकले, बोनसमधून मोठी रक्कम भरली किंवा नव्या बँकेचा दर बदलला की हिशेब फसला. कर्ज हलवण्याच्या खर्चाची तुलना आजच्या दराशी करायची नसते. ती करायची आपली बँक मागितल्यावर देईल त्या दराशी.

तिसरा पर्यायही तोलून पाहावा. हेच ३३,००० रुपये आज मुद्दलात भरले आणि हप्ता तोच ठेवला, तर या उदाहरणात शेवटचे जवळपास तीन हप्ते गळून पडतात. कागदपत्रे नाहीत, वकील नाही, मुद्रांक नाही. व्याजदरातला फरक पाव टक्क्याच्या आसपास असेल तेव्हा हा मार्ग अनेकदा बरोबरीला येतो. शिल्लक कमी आणि वर्षे थोडी असली तर कर्ज हलवण्यात बहुधा राम नसतो. १० लाख रुपये शिल्लक, ५ वर्षे बाकी आणि अर्ध्या टक्क्याची घट, एवढे धरले तर बचत महिन्याला २४० रुपये, पूर्ण मुदतीत १४,४०० रुपये. त्यातले बरेचसे वकील, मूल्यांकन आणि मुद्रांकातच जातात.

आपल्या बँकेकडे मागायचे कसे? शाखेत तोंडी विचारले तर बहुतेक वेळा "दर आपोआप बदलतो" एवढे उत्तर मिळते. ते अर्धेच खरे आहे. १ ऑक्टोबर २०१९ पासून बँकांना नवी बदलत्या दराची गृहकर्जे रेपोसारख्या बाह्य निर्देशांकाला जोडावी लागतात आणि दर किमान तीन महिन्यांतून एकदा नव्याने ठरवावा लागतो. त्यामुळे रेपो उतरला की अशा कर्जाचा दर उतरतो. पण निर्देशांकावर बँक जो फरक लावते, ज्याला स्प्रेड म्हणतात, तो आपल्या कर्जाच्या वेळी ठरलेला असतो. नव्या ग्राहकाला बँक आज कमी स्प्रेड देत असली, तरी जुन्या ग्राहकाचा स्प्रेड आपोआप खाली येत नाही. जुन्या ग्राहकांचे खरे नुकसान इथेच होते, आणि स्प्रेड कमी करण्याची विनंती लेखी करावी लागते. ग्राहकाच्या फायद्यासाठी, पतजोखमीचा भाग सोडून स्प्रेडचे इतर घटक तीन वर्षांच्या आतही कमी करण्याची मोकळीक रिझर्व्ह बँकेने १ ऑक्टोबर २०२५ पासून बँकांना दिली आहे, त्यामुळे "तीन वर्षे हात लावता येत नाही" हे उत्तर स्वीकारू नका.

ज्यांचे कर्ज अजून एमसीएलआर किंवा बेस रेटवर, म्हणजे बँक स्वतः ठरवते त्या जुन्या पद्धतीच्या मूळ दरावर आहे, त्यांनी तर आधी हेच तपासावे. ज्या कर्जदाराला दंडाविना मुदतपूर्व फेड करता येते त्याला बाह्य निर्देशांकावर जाताना वाजवी प्रशासकीय व कायदेशीर खर्च सोडून कोणतेही शुल्क लावता येत नाही, असे रिझर्व्ह बँकेने सप्टेंबर २०१९ मध्येच सांगितले आहे. गृहवित्त कंपन्यांची गोष्ट वेगळी. त्या स्वतःच्याच मूळ दरावर कर्ज देतात आणि बाह्य निर्देशांकाची सक्ती त्यांना नाही. रेपो घटला तरी त्यांचा दर किती आणि कधी उतरेल हे त्याच ठरवतात. तिथे रूपांतर शुल्क भरून दर खाली आणता येतो, पण पुढच्या वेळी पुन्हा अर्ज, पुन्हा शुल्क. गृहवित्त कंपनीकडून रेपोशी जोडलेल्या बँक कर्जाकडे जाणे आजच्या दरातला फरक लहान असतानाही योग्य ठरू शकते, ते याच कारणाने.

अर्जात या गोष्टी स्पष्ट विचाराव्यात: माझ्या कर्जाचा निर्देशांक कोणता, त्यावरचा स्प्रेड किती, माझ्याएवढी रक्कम आणि माझ्यासारखा क्रेडिट स्कोअर असलेल्या नव्या ग्राहकाला आज किती दर आहे, त्या दरावर येण्यासाठी शुल्क किती, आणि बाकीची मुदत तीच ठेवून नवा हप्ता किती होईल. अर्जासोबत दुसऱ्या बँकेचे मंजुरीपत्र जोडले की उत्तर लवकर येते. ग्राहक टिकवण्यासाठी बहुतेक बँकांत वेगळा विभाग असतो आणि मंजुरीपत्र हातात असलेल्या ग्राहकाशीच तो गांभीर्याने बोलतो. रूपांतर शुल्क काही ठिकाणी ठरावीक रक्कम असते, काही ठिकाणी शिल्लक मुद्दलावर टक्क्याने. टक्क्याने असेल तर कमाल मर्यादा आहे का ते विचारा, आणि घासाघीस करायला संकोच करू नका.

मंजुरीपत्र मिळवतानाही पैसे वाचवता येतात. काही ठिकाणी अर्ज दाखल करतानाच लॉगिन फी घेतात आणि कर्ज घेतले नाही तर ती बुडते. ती परत मिळते का, प्रक्रिया शुल्कात वळती होते का, हे लेखी घ्यावे. चार बँकांत एकाच आठवड्यात अर्ज टाकू नयेत. प्रत्येक अर्जाची चौकशी क्रेडिट अहवालात उमटते.

१ ऑक्टोबर २०२४ पासून मंजूर होणाऱ्या प्रत्येक किरकोळ मुदत कर्जासोबत 'की फॅक्ट स्टेटमेंट' म्हणजे मुख्य तथ्यांचे पत्रक देणे बंधनकारक आहे. कर्ज हलवणाऱ्यासाठी याहून उपयोगी कागद नाही. त्यात सर्व शुल्के आणि ती मिळवून येणारा वार्षिक टक्केवारी दर असतो. बँक वकिलाचे, मूल्यांकनाचे किंवा विम्याचे पैसे दुसऱ्याच्या वतीने वसूल करत असेल, तर तेही याच दरात धरावे लागतात आणि त्यांच्या पावत्या द्याव्या लागतात. पत्रकात नसलेले शुल्क तुमच्या स्पष्ट संमतीविना लावता येत नाही. गृहकर्जासाठी हे पत्रक किमान तीन कामकाजाचे दिवस वैध असते. तेवढ्या वेळात ते घरी आणून आकडे मांडता येतात. दोन बँकांची तुलना जाहिरातीतल्या दरावर न करता या पत्रकातल्या वार्षिक टक्केवारी दरावर करावी. मात्र एक लक्षात ठेवावे: दोन्ही पत्रकांत मुदत सारखी असली तरच ती तुलना चालते.

'शून्य प्रक्रिया शुल्क' ही योजना सणासुदीला हमखास असते. वकील, मूल्यांकन, मुद्रांक यांचा खर्च तीत बहुधा धरलेला नसतो. पण शुल्कमाफी खरी असेल तर ४० लाखांवर ११,८०० रुपये थेट वाचतात, तेव्हा घाई नसेल तर महिना-दोन महिने थांबायला हरकत नाही. माफीची अट नीट वाचा. पुढे ठरावीक काळात कर्ज फेडल्यास माफ केलेले शुल्क वसूल करू, असे कलम कधी कधी करारात घालतात. १ जानेवारी २०२६ पासून मंजूर किंवा नूतनीकृत कर्जांना लागू असलेल्या रिझर्व्ह बँकेच्या निर्देशांनुसार, आधी माफ केलेले शुल्क मुदतपूर्व फेडीच्या वेळी मागाहून लावता येत नाही.

मुदतपूर्व फेडीच्या दंडाबद्दल अजूनही बरीच भीती दिसते. वैयक्तिक कर्जदारांच्या बदलत्या दराच्या गृहकर्जावर बँकांना असा दंड घेण्यास जून २०१२ पासूनच मनाई आहे. १ जानेवारी २०२६ नंतरच्या कर्जांसाठी हा नियम बँका, सहकारी बँका आणि वित्त कंपन्या अशा सर्वांना एकसारखा लागू आहे. पैसे स्वतःचे असोत की दुसऱ्या बँकेने दिलेले, दंड नाही, आणि अमुक महिने फेडता येणार नाही अशी अटही नाही. खरा प्रश्न स्थिर दराच्या कर्जाचा आहे. तिथे संस्थेच्या धोरणानुसार दंड लागू शकतो. पहिली दोन-तीन वर्षे स्थिर आणि नंतर बदलता दर, अशा कर्जात फेडीच्या दिवशी दर कोणत्या प्रकारचा आहे ते पाहिले जाते. स्थिर काळ संपायला चार महिने उरले असतील तर चार महिने थांबा.

मुद्रांक शुल्कात घासाघीस होत नाही, पण ते कमी करता येते. ते कर्जाच्या रकमेवर लागते, म्हणून जितके फेडायचे तितकेच कर्ज घ्या. एजंट जवळपास नेहमी टॉपअप सुचवतो: "आणखी १० लाख घेऊन ठेवा, दर तोच आहे." त्या १० लाखांवर ३,००० रुपये मुद्रांक, प्रक्रिया शुल्क आणि पुढची १५ वर्षे व्याज लागते. खरी गरज असेल तर जरूर घ्या, पण ती रक्कम वेगळ्या खात्यात आणि कमी मुदतीची असू द्या. नव्या बँकेकडे हक्कपत्रे ठेवली की ३० दिवसांच्या आत गहाणाची सूचना दुय्यम निबंधकांकडे दाखल करावी लागते. महाराष्ट्रात ही जबाबदारी गहाण ठेवणाऱ्यावर, म्हणजे तुमच्यावर आहे. ती ऑनलाइन दाखल करण्याची सोय आहे. एजंट या कामाचे वेगळे पैसे मागत असेल तर सरकारी शुल्काचे चलन आणि त्याच्या कामाची पावती, असे दोन वेगळे कागद मागा. शपथपत्रे आणि हमीपत्रांसाठी आता १०० रुपयांचा मुद्रांक चालत नाही. ऑक्टोबर २०२४ पासून तो ५०० रुपयांचा लागतो. म्हणून किती कागदांवर मुद्रांक हवा ते आधी विचारून घ्या आणि एका कागदात होणारे काम तीन कागदांवर होऊ देऊ नका. सरसाई, म्हणजे मालमत्तांवरील कर्जाच्या बोजाची केंद्रीय नोंदवही, तिथल्या नोंदणीचे शुल्क ५ लाखांवरील कर्जाला १०० रुपये अधिक जीएसटी एवढेच आहे. त्या नावाखाली हजार रुपये लावलेले दिसले तर आक्षेप घ्या.

वकील आणि मूल्यांकनाच्या खर्चात थोडी सवलत मिळू शकते. तुमचा गृहप्रकल्प नव्या बँकेने आधीच मंजूर केलेला असेल तर मालकी हक्काची तपासणी झालेली असते. ते विचारा आणि शुल्क कमी करायला सांगा. फ्लॅट पुनर्विक्रीत घेतला असेल तर आधीच्या सर्व करारांची साखळी लागते. एखादा जुना करार, इंडेक्स दोन (नोंदणी झालेल्या दस्ताचा गोषवारा) किंवा भोगवटा प्रमाणपत्र नसेल तर ते कळायला हवे वकिलाची फी भरण्याआधी. भोगवटा प्रमाणपत्र नसलेल्या इमारतीतले घर पहिल्या बँकेने घेतले म्हणून दुसरी घेईलच असे नाही, आणि नकार मिळाला तरी तपासणीचे पैसे परत येत नाहीत. मूल्यांकनही कमी येऊ शकते. कर्ज घराच्या किमतीच्या किती टक्के असावे याची मर्यादा आहे: ३० लाखांपर्यंत ९० टक्के, ३० ते ७५ लाखांपर्यंत ८० टक्के, त्यावर ७५ टक्के. दोन-तीन वर्षांपूर्वी काठोकाठ घेतलेल्या कर्जात मूल्यांकन थोडे जरी खाली आले तरी फरकाची रक्कम खिशातून घालावी लागते.

बचत सर्वांत मोठ्या प्रमाणात बुडते ती मुदतीत. वरच्याच उदाहरणात नव्या बँकेने ८ टक्क्यांनीच, पण १५ ऐवजी २० वर्षांसाठी कर्ज दिले तर हप्ता ३३,४५८ रुपये होतो. महिन्याला जवळपास सहा हजार कमी! पण २४० हप्त्यांची बेरीज ८० लाख ३० हजार होते. जुन्या बँकेत जुन्याच दराने राहिले असते तर उरलेल्या हप्त्यांची बेरीज ७० लाख ९० हजार झाली असती. दर कमी करून घेऊन ९ लाख ४० हजार रुपये जादा भरायचे, असा हा व्यवहार होतो. घरखर्चाची ओढाताण आहे म्हणून कोणी जाणूनबुजून मुदत वाढवत असेल तर तो त्यांचा निर्णय. परंतु अर्जावर '२४० महिने' एजंटने भरलेले असतात आणि सही करणाऱ्याने फक्त हप्ता पाहिलेला असतो, हे आम्हाला वारंवार दिसते. मंजुरीपत्रात महिन्यांचा आकडा तपासा. जुन्या खात्याच्या विवरणात किती हप्ते शिल्लक आहेत ते दिलेले असते. मुदत तेवढीच किंवा त्याहून कमी हवी.

दुसरी गळती विम्याची. कर्जासोबत एकरकमी हप्त्याची जीवनविमा पॉलिसी देतात आणि तिचा हप्ता कर्जातच मिळवतात. १ लाख रुपयांचा असा हप्ता ८ टक्क्यांनी १५ वर्षांच्या कर्जात घातला तर महिन्याला ९५६ रुपये वाढतात, शेवटी ते १ लाख ७२ हजार होतात. आपली मासिक बचत होती १,१६४ रुपयांची. तिच्यातले ९५६ इथेच गेले. कर्ज घेणाऱ्याच्या पश्चात कुटुंबावर बोजा पडू नये यासाठी विमा हवाच, यात शंका नाही. पण तो स्वतंत्र मुदत विमा म्हणून स्वतःच्या नावावर घ्यावा, म्हणजे पुढे कर्ज कुठेही गेले तरी तो सोबत राहतो. बँकेकडूनच विमा घेतला पाहिजे ही सक्ती मान्य करू नका. जुन्या कर्जासोबत अशी पॉलिसी असेल तर कर्ज बंद करताना दोनच मार्ग आहेत: ती चालू ठेवायची किंवा परत करून सरेंडर रक्कम घ्यायची. विमा कंपनीला लेखी कळवल्याशिवाय ती रक्कम स्वतःहून येत नाही.

आता प्रत्यक्ष हस्तांतराचे दिवस. ४० लाखांवर ८.५० टक्क्यांनी एका दिवसाचे व्याज सुमारे ९३० रुपये असते. नव्या बँकेने धनाकर्ष (डीडी) काढला, एजंटने तो आठ दिवस बॅगेत ठेवला आणि मग जुन्या बँकेत भरला, तर त्या आठ दिवसांचे व्याज दोन्ही बँकांना द्यावे लागते. सात हजार रुपये असेच जातात. धनादेश ग्राहकाच्या हाती पडण्याआधीच्या तारखेपासून व्याज लावण्याच्या पद्धतीवर रिझर्व्ह बँकेने २९ एप्रिल २०२४ रोजी आक्षेप घेतला, असे व्याज परत करायला सांगितले आणि पैसे ऑनलाइन पाठवण्याचा आग्रह धरला. तेव्हा रक्कम आरटीजीएसने थेट जुन्या कर्ज खात्यात जावी असा लेखी आग्रह धरा. धनाकर्षच काढणार असतील तर त्याची तारीख आणि तो जुन्या बँकेत जमा झाल्याची पोच, दोन्ही जपून ठेवा.

जुन्या बँकेकडून मिळणाऱ्या फोरक्लोजर पत्रात, म्हणजे कर्ज पूर्ण फेडण्यासाठी किती भरायचे हे सांगणाऱ्या पत्रात, अमुक तारखेपर्यंतची रक्कम आणि पुढे दररोजचे व्याज लिहिलेले असते. पत्राची मुदत उलटून गेली आणि तीच रक्कम भरली, तर काहीशे रुपये कमी पडतात आणि कर्ज बंद होत नाही. ग्राहकाला वाटते झाले, आणि जुन्या खात्यावर व्याज चालूच राहते. म्हणून दोन-तीन दिवसांचे व्याज जास्त भरा. जादा रक्कम परत मिळते. चालू महिन्याचा हप्ता जमा झाल्यावर लगेच हस्तांतर करा. हप्त्याच्या तारखेच्या आदल्या आठवड्यात केले तर कर्ज फिटूनही जुन्या बँकेचा हप्ता खात्यातून कापला जातो आणि तो परत मिळवण्यासाठी फेऱ्या माराव्या लागतात. कर्ज बंद झाल्याचे पत्र हातात आले की जुन्या बँकेचा नॅच आदेश, म्हणजे खात्यातून हप्ता आपोआप कापण्याची परवानगी, लेखी अर्ज देऊन रद्द करा.

कागदपत्रांबाबत आता नियम कर्जदाराच्या बाजूने आहे. १ डिसेंबर २०२३ पासून, कर्ज पूर्ण फिटल्यावर ३० दिवसांत मूळ कागदपत्रे परत देणे बंधनकारक आहे. उशीर बँकेमुळे झाला तर दर दिवसाला ५,००० रुपये भरपाई. कागदपत्रे हरवली तर त्यांच्या प्रमाणित प्रती मिळवून देण्याचा खर्च बँकेचा, आणि त्यासाठी आणखी ३० दिवस. तरीही अर्ज करण्याआधीच जुन्या बँकेकडून तिच्या ताब्यातील कागदांची यादी मागवा आणि आपल्या छायाप्रतींशी ताडून पाहा. सोसायटीचा मूळ समभाग दाखला, ताबा पावती, मुद्रांक शुल्काची पावती यांपैकी काही यादीत नसेल तर ते आत्ताच कळलेले बरे. कारण नवी बँक पैसे देऊन मोकळी झालेली असते, आणि ठरल्या मुदतीत मूळ कागद जमा झाले नाहीत तर ती कर्जदाराच्या मागे लागते.

कर्ज बंद झाल्यावर जुन्या बँकेचा बोजा तीन ठिकाणांहून उतरवायचा असतो: सरसाईत, सोसायटीच्या नोंदीत आणि नोंदणीकृत गहाणखत असेल तर दुय्यम निबंधकांकडे. सरसाईतली नोंद बँकेनेच उतरवायची असते आणि त्याला शुल्क नाही. ती राहून गेली तर दहा वर्षांनी घर विकताना खरेदीदाराची बँक अडवते. महिन्याभराने सरसाईच्या संकेतस्थळावर स्वतः शोधून खात्री करा. सोसायटीला जुन्या बँकेचे ना हरकत पत्र देऊन नव्या बँकेचा बोजा नोंदवून घ्या.

जुन्या करप्रणालीत व्याजाची वजावट घेणाऱ्यांनी हस्तांतराच्या वर्षी दोन्ही बँकांची व्याज प्रमाणपत्रे घ्यावीत. जुने गृहकर्ज फेडण्यासाठी घेतलेल्या कर्जाच्या व्याजालाही वजावट मिळते. टॉपअपची रक्कम घरासाठी वापरली नसेल तर तिच्या व्याजाला ती मिळत नाही, आणि एकाच खात्यात दोन्ही मिसळले की वेगळे काढताना त्रास होतो.

बँक लेखी अर्जाला ३० दिवसांत उत्तर देत नसेल किंवा उत्तर समाधानकारक नसेल तर रिझर्व्ह बँकेच्या लोकपालाकडे विनाशुल्क तक्रार करता येते. गृहवित्त कंपनीविरुद्धची तक्रार राष्ट्रीय गृहनिर्माण बँकेकडे जाते. तक्रारीत प्रत्येक अर्जाची पोच लागते, म्हणून तोंडी बोलण्यावर काहीही सोडू नका.

संपादक महोदय, आपल्याकडे दोन विनंत्या आहेत. व्याजदरांच्या कोष्टकात आणखी दोन रकाने द्यावेत: एकात प्रक्रिया शुल्क, आणि दुसऱ्यात जुन्या ग्राहकाला नव्या ग्राहकाच्या दरावर आणण्यासाठी ती बँक घेत असलेले रूपांतर शुल्क. हा दुसरा आकडा मिळवायला आज ग्राहकाला शाखेच्या फेऱ्या माराव्या लागतात. तो छापून आला तर अनेकांचे काम एका अर्जात होईल.

आणि राज्य शासनापर्यंत एक मागणी पोहोचवावी. घर तेच, मालक तेच, कर्जाची रक्कम तीच किंवा कमी. केवळ बँक बदलली म्हणून मुद्रांक शुल्क पुन्हा पूर्ण द्यावे लागते. आधीच्या गहाणावर शुल्क भरल्याचा पुरावा दाखवला तर हस्तांतरात फक्त वाढीव रकमेवर ते आकारावे. आमच्या उदाहरणातल्या ३३,००० रुपयांपैकी १२,००० रुपये एवढ्यानेच कमी होतील, आणि ग्राहक सहज निघून जाऊ शकतो हे दिसल्यावर जुन्या ग्राहकांचे स्प्रेड खाली आणणे बँकांनाही भाग पडेल.

आपले,
गृहकर्ज सल्ल्याचे काम करणारे काही वाचक